प्रश्न शेतकऱ्याचा, उत्तर अनोळखी माणसाचे

ऑक्टोबर महिना सरत येतो आणि कपाशीची हिरवी पाने लाल पडू लागतात. बोंडे भरण्याचा हाच काळ. पानांना नेमके काय झाले, हा प्रश्न शेतकरी पूर्वी शेजाऱ्याला किंवा गावी येणाऱ्या कृषी कर्मचाऱ्याला विचारीत असे. आता तो दूरध्वनीवरून, कधीही न भेटलेल्या माणसालाही विचारता येतो. ही सोय मोठी आहे. तशीच उत्तर देणाऱ्यावरील जबाबदारीही मोठी आहे.

केंद्र शासनाच्या कृषी मंत्रालयाने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर ही योजना सुरू केली. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळात विनामूल्य संपर्क साधता येतो. मराठीसह २२ भाषांतून उत्तरे देण्याची व्यवस्था या योजनेत आहे. दूरध्वनी घेणारे सल्लागार कृषी वा संलग्न विषयांचे पदवीधर असतात. त्यांच्याजवळ उत्तर नसल्यास प्रश्न कृषी विभाग, कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडे सोपविला जातो.

एक लक्षण, अनेक कारणे

दूरवरून सल्ला देणे किती अवघड असते, हे कपाशीच्या उदाहरणावरूनच दिसून येते. पाने लाल होण्याच्या या विकृतीला शेतकरी ‘लाल्या’ म्हणतात. परंतु लाल्याचे कारण एकच नसते. जमिनीत मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडल्यास पाने लाल होतात. तुडतुड्यांनी रस शोषल्यानेही होतात. पाण्याचा ताण, शेतात साचलेले पाणी किंवा रात्रीच्या तापमानातील घट यांचाही तोच परिणाम दिसतो. तुडतुड्यांवरील औषध मॅग्नेशियमची उणीव भरून काढणार नाही आणि खताची मात्रा तुडतुड्यांना हटविणार नाही. चुकीच्या उत्तराने पैसा जातो आणि त्याहून मोलाचे असे आठ-दहा दिवस हातचे निसटतात.

म्हणूनच जाणता सल्लागार औषधाचे नाव सांगण्यापूर्वी स्वतः प्रश्न विचारतो. पेरणी केव्हा झाली? जमीन हलकी की भारी? लाली खालच्या जुन्या पानांवर आहे काय? शिरा हिरव्या राहिल्या आहेत काय? पानांच्या कडा खाली वळल्या आहेत काय? पान उलटून पाहिल्यास तिरपे चालणारे बारीक किडे दिसतात काय? या उत्तरांतून कारण उलगडत जाते. पुष्कळदा शेतकऱ्यालाच ते उमगते, कारण पाहणारे डोळे त्याचे असतात. उलगडा न झाल्यास ‘मला निश्चित सांगता येत नाही, विचारून कळवितो’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. तेच त्या वेळचे प्रामाणिक उत्तर होय.

घाईच्या उत्तराची किंमत

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्युमुखी पडले. कीटकनाशकांची परस्पर केलेली मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव आणि उंच वाढलेल्या पिकातील फवारणी ही कारणे तेव्हा पुढे आली. कोणत्या औषधात काय मिसळावे, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. त्याचे अंदाजाने दिलेले उत्तर मात्र जिवावर बेतू शकते.

आज गावोगावी भ्रमणध्वनीवर शेतकऱ्यांचे गट आहेत. रोगट पानाचे छायाचित्र क्षणात शेकडो जणांपर्यंत पोहोचते आणि अनुभवी शेतकरी ओळखदेख नसताना आपुलकीने उत्तर देतात. या परोपकारी वृत्तीचे मोल मोठे आहे. परंतु छायाचित्रासोबत गाव, पिकाचे वय व जमिनीचा प्रकार कळविलेला नसतो. एका जिल्ह्यातील काळ्या जमिनीत गुणकारी ठरलेला उपाय मग दुसरीकडील मुरमाड जमिनीत जातो.

गावपातळीवरील कर्तव्य

येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांना मोलाची कामगिरी बजावता येईल. प्रश्न विचारण्यापूर्वी पिकाचे वाण, पेरणीची तारीख, दिलेली खते, केलेल्या फवारण्या आणि लक्षण प्रथम दिसल्याचा दिवस कागदावर लिहून काढण्यास त्यांनी शेतकऱ्याला साहाय्य करावे. औषधाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता दर्शवितो. लाल सर्वांत तीव्र, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. हे शाळेतील मुलेही घरी वाचून दाखवू शकतील. मिळालेले उत्तर आणि त्याचा आलेला परिणाम पंचायतीत नोंदवून ठेवल्यास पुढील हंगामात तीच नोंद दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.

उत्तर देणारा शेतकऱ्याला कधी भेटणार नाही आणि पीक हाती आले की नाही हे त्याला बहुधा कळणारही नाही. तरीही प्रत्येक प्रश्नामागे एका कुटुंबाचे वर्ष उभे आहे, याची जाणीव ठेवून दिलेले उत्तरच खऱ्या अर्थाने साहाय्य ठरते.