हर्नडनमधील घरखरेदी आणि तपासनिसाची निवड

घर विकत घेणाऱ्याने तपासणीचा हक्क सोडावा, अशी अट विक्रेत्याला घालता येणार नाही, असा नियम मॅसॅच्युसेट्स राज्याने १५ ऑक्टोबर २०२५ पासून लागू केला. व्हर्जिनियात मात्र असे संरक्षण नाही. त्यामुळे २०२२ मध्ये मेट्रोची सिल्व्हर लाइन जेथे पोहोचली आणि डलेस विमानतळालगतच्या नोकऱ्यांमुळे जेथे मराठी कुटुंबेही स्थिरावली, त्या हर्नडनमध्ये आपली ऑफर पुढे सरकावी म्हणून तपासणीवर पाणी सोडण्याचा मोह खरेदीदाराला होतो आणि तो घातक आहे. महाराष्ट्रात रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत आढळलेला बांधकामातील दोष विकसकाला विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. हर्नडनमधील जुन्या घराच्या व्यवहारात असा आधार नसतो, कारण व्हर्जिनियाच्या कायद्यात विक्रेता घराच्या स्थितीची सहसा हमी देत नाही आणि खातरजमेची जबाबदारी खरेदीदारावरच पडते.

तपासणी म्हणजे दिसणाऱ्या आणि हात पोहोचणाऱ्या भागांची पाहणी होय. छप्पर, पाया, नळजोडणी, वीज, उष्णता व वातानुकूलन यंत्रणा तिच्या कक्षेत येतात. भिंतीच्या आतला भाग आणि जमिनीखालची सांडपाण्याची नळी येत नाही, तर वाळवी व बुरशी यांच्या तपासण्या स्वतंत्रपणे, वेगळे शुल्क देऊन कराव्या लागतात.

कक्षेतील भागांतही पाहणाऱ्याची जाण किती मोलाची असते, हे टाउनहाउसच्या ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोकळीत, उत्तम कळते. १९८० च्या दशकात पूर्व किनाऱ्यावरील राज्यांत, दोन घरांमधली सामाईक भिंत छपराच्या वर काढण्याऐवजी तिच्या दोन्ही बाजूंना सुमारे ४ फुटांपर्यंत अग्निरोधक रसायने मुरवलेले प्लायवूड बसवण्याची पद्धत रूढ झाली. परंतु ॲटिकच्या उष्णतेत त्या रसायनांनीच लाकूड पोखरले, ते काळपट व ठिसूळ होऊन त्याचे पापुद्रे सुटू लागले आणि छपरावर पाय ठेवणेही धोक्याचे झाले. ॲटिकच्या दारातूनच टॉर्च फिरवून परतणाऱ्याला हे दिसणार नाही. सामाईक भिंतीपर्यंत सरपटत जाऊन फळीचा रंग पाहणाऱ्याला दिसेल. गॅसच्या पिवळ्या, लवचीक, पन्हळी नळीविषयी तर राज्याचा कायदाच आहे: १ मे २००८ च्या बांधकाम संहितेपूर्वीच्या घरात ती आढळल्यास तपासनिसाने तशी नोंद करून, तिची अर्थिंगची जोडणी परवानाधारक कंत्राटदाराकडून तपासून घ्यावी, अशा आशयाचे विधान अहवालात द्यावे लागते, कारण वीज पडल्यास या पातळ नळीला छिद्र पडू शकते.

व्हर्जिनियात १ जुलै २०१७ पासून तपासनिसाला परवाना सक्तीचा असून तो राज्याच्या व्यवसाय-नियमन विभागाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो; नव्याने बांधलेल्या घरासाठी त्या परवान्यावर वेगळी पात्रताही नोंदलेली असावी लागते. तथापि परवाना हा किमान निकष आहे. एजंटाने सुचवलेले नाव डोळे झाकून स्वीकारणे योग्य नाही, कारण एजंटाचे कमिशन व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून असते; त्याऐवजी जुन्या अहवालाचा नमुना मागवावा, तपासनीस ॲटिकमध्ये शिरतो का हे विचारावे आणि तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहावे. दाखवलेला दोष आपणच दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याला मात्र टाळावे.

तपासनीस ठरवताना रेडॉनच्या चाचणीचाही विचार करावा लागतो. रेडॉन हा जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू असून हर्नडन ज्या फेअरफॅक्स काउंटीत येते, ती संघीय पर्यावरण संस्थेच्या सर्वाधिक धोक्याच्या विभागात मोडते. त्याच्या चाचणीसाठी दारेखिडक्या बंद ठेवून किमान ४८ तास लागतात, आणि करारात तपासणीसाठी मिळणारे दिवस मोजकेच असल्याने ती चाचणी तपासनिसाची वेळ ठरवतानाच मागून घ्यावी लागते.