लाल बटण दाबेपर्यंत

एका छोट्या दवाखान्याच्या इंटरनेट फोनची व्यवस्था काही दिवस माझ्याकडे होती. रात्रपाळीच्या डॉक्टरांची खोली बदलली, म्हणून रात्रीचे फोन २०५ ऐवजी २०८ वर वळवायचे होते. मी नंबर बदलला, ‘सबमिट’ केलं, पडद्यावर २०८ दिसलंही. तरी रात्री फोन वाजत राहिला तो २०५ च्या रिकाम्या खोलीत. पडद्याच्या वर उजवीकडचं ‘अप्लाय कॉन्फिग’चं लाल बटण मी दाबलंच नव्हतं. चूक माझीच, आणि पलीकडे एखादा रुग्ण ताटकळत असेल हा विचार अजून टोचतो.

मी बदल करत होते तो पडदा ‘फ्रीपीबीएक्स’चा. प्रत्यक्ष फोन जोडतो तो त्याच्या मागचा ‘अ‍ॅस्टेरिस्क’, मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला मुक्त प्रोग्राम. सबमिट केलेला बदल डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. अ‍ॅस्टेरिस्क मात्र कोणता फोन कुठे वळवायचा याचे नियम, म्हणजे डायलप्लॅन, साध्या मजकुराच्या फाइलींतून एकदाच वाचतो आणि पुढे मेमरीतल्या प्रतीवरच चालतो. लाल बटण दाबलं की डेटाबेसवरून या फाइली नव्याने लिहिल्या जातात आणि अ‍ॅस्टेरिस्कला त्या पुन्हा वाचायला सांगितलं जातं. त्यामुळे अशा फाइलीत कुणी हाताने ओळ घातली, तर पुढच्या वेळी ती पुसली जाते.

मग बटण दाबताना कुणी बोलत असेल तर? बोलणं तुटत नाही. अ‍ॅस्टेरिस्क नवा डायलप्लॅन बाजूला पूर्ण बांधतो आणि मग जुन्याच्या जागी बसवतो. प्रत्येक कॉल आपण कोणत्या पायरीवर आहोत एवढंच लक्षात ठेवतो. पुढची पायरी तो नव्या डायलप्लॅनमध्ये शोधतो. जोडल्या गेलेल्या दोघांना काही कळतही नाही. पण ‘अमुकसाठी एक दाबा’ ऐकत असलेल्याच्या पायाखालची पायरीच काढली गेली असेल, तर त्याचा फोन कटतो. म्हणून मला गर्दीच्या वेळी मेनू बदलणं पटत नाही.

स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास जन्मलेल्या ‘अर्लांग’ भाषेने याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं: एकाच कोडच्या जुन्या आणि नव्या अशा दोन आवृत्त्या मेमरीत एकत्र नांदू शकतात. सुरू असलेलं काम जुनीत पुरं होतं, नवं काम नवीत सुरू होतं.

काही बदलांना मात्र अ‍ॅस्टेरिस्क बंद करून पुन्हा सुरू करावाच लागतो. तेव्हा ‘ग्रेसफुली’ म्हटलं तर तो नवे कॉल घेणं थांबवून चालू कॉल संपण्याची वाट पाहतो. ‘व्हेन कन्व्हिनियंट’ म्हटलं तर नवे कॉलही घेत राहतो आणि एकही कॉल उरला नाही की मगच बंद होतो. दवाखान्यासाठी मी दुसराच निवडीन.

त्या रात्रीनंतर बटण दाबलं की मी ‘डायलप्लॅन शो’ हा आदेश देऊन मेमरीत खरंच काय आहे ते वाचते. मग स्वतःच्या मोबाइलवरून दवाखान्याला फोन लावते आणि २०८ च्या दाराशी जाऊन उभी राहते.