‘सोलापूरची डिग्री बाहेर चालत नाही’: कोण म्हणतो?

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात हे वाक्य हमखास कानावर येते: ‘पदवी घ्यायचीच तर पुण्याची घे, सोलापूर विद्यापीठाची बाहेर चालत नाही.’ म्हणणारा ठामपणे म्हणतो, ऐकणारा मान डोलावतो आणि ऐपत नसलेले घर पुण्यातल्या खोलीभाड्याचा नि मेसचा खर्च अंगावर घेते. म्हणून हा गैरसमज निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाही. ‘चालत नाही’ म्हणजे नेमके कुठे चालत नाही? पदवी कोणी द्यावी हे विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम २२ मध्ये लिहिलेले आहे: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने तसा खास अधिकार दिलेली संस्था. विद्यापीठ किती जुने, त्याच्याकडे जिल्हे किती, याचा त्या कलमात उल्लेखही नाही. सोलापूर विद्यापीठ २००४ साली राज्याच्या विद्यापीठ कायद्याखालीच स्थापन झाले आणि आज मुंबई, पुणे, कोल्हापूरला लागू असलेला २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायदाच त्यालाही लागू आहे. स्पर्धा परीक्षेच्या अर्जात मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी मागतात. विद्यापीठाचे वय मागत नाहीत.

यावर उत्तर येते की कागदावर सगळ्या पदव्या सारख्याच, पण नावाला वजन असते. मग नावाचाच हिशोब करू. सोलापूरचे दयानंद महाविद्यालय १९४० चे. तेव्हा इथल्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचे नाव असे. पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर १९४९ पासून सोलापूर त्याच्याकडे गेले, १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर कोल्हापूरकडे आणि २००४ मध्ये स्वतःच्या विद्यापीठाकडे. शहर तेच, महाविद्यालयही तेच, आणि प्रमाणपत्रावरचे नाव तीनदा बदलले. आज ज्यांच्या कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या पदवीचा दाखला दिला जातो, त्यांतले कितीतरी जण सोलापूरच्याच वर्गांत शिकलेले आहेत. नावाबरोबर शिक्षणही बदलत असते, तर एकाच महाविद्यालयाची गुणवत्ता एका अधिसूचनेने वर-खाली झाली असती. तसे होत नाही. संलग्नतेच्या पद्धतीत विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा घेते, पदवी देते. रोजचे शिकवणे महाविद्यालयात होते. केगावच्या आवारातल्या इमारती म्हणजेच अख्खे सोलापूर विद्यापीठ, हा समजही इथेच गळून पडतो.

‘एका जिल्ह्याचे विद्यापीठ’ हे हिणवण्यासारखे म्हटले जाते, तेव्हा मात्र संयम ठेवणे कठीण होते. २००४ पूर्वी करमाळ्याच्या किंवा अक्कलकोटच्या मुलाचे विद्यापीठातले काम अडले, तर गाठायचे कोल्हापूर दोनशे किलोमीटरहून दूर होते. अकरा तालुक्यांच्या जिल्ह्याला जवळ विद्यापीठ हवे, ही मागणी चैनीची नव्हती. शिवाय जवळच्या विद्यापीठाला जवळचे विषय दिसतात. इथे उपयोजित भूशास्त्र आणि ग्रामीण विकास शिकवले जातात, तसेच प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्वही. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल इथे शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे आणि तो वाचला तो सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी. मराठीच्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांत त्याची गणना होते. अशा जिल्ह्यात पुरातत्त्वाचा अभ्यासक्रम असणे किती स्वाभाविक आहे, हे वेगळे सांगायला नको. जुन्या विद्यापीठांची ग्रंथालये मोठी, माजी विद्यार्थी जास्त, हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण तो फायदा आवारात जाऊन शिकणाऱ्याला मिळतो. त्याच विद्यापीठाच्या एखाद्या आडगावच्या संलग्न महाविद्यालयात बसलेल्याला तो आपोआप मिळत नाही. म्हणून प्रवेश घेताना विचारायचे ते विभागाबद्दल आणि महाविद्यालयाबद्दल: पूर्णवेळ प्राध्यापक किती, प्रयोगशाळा कशी, मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी कोणती.

बाकीचे समज लवकर आटोपतील. २०१९ मध्ये ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ असे नामांतर झाले, म्हणून आधीच्या पदव्या रद्द झालेल्या नाहीत; १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठाचे आणि २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाचे नाव बदलले, तेव्हाही कोणाची पदवी बाद झाली नव्हती. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाची एमबीबीएस पदवी सोलापूर विद्यापीठ देत नाही. ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. आणि कृषी पदवीसाठी केगावला चौकशी करणाऱ्यांनी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे जावे.