सोडतीची चिठ्ठी

आमच्या वारूळवाडीकडे सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता कारभार नवराच बघणार!" खरंच तसं होतं का?

नुसतं बघून हे कळत नाही. बाईला आपणहून निवडून देणारं गाव मुळातच पुढारलेलं असू शकतं. लॅबमध्ये आपण बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलतो. इथे ते काम आरक्षण करतं, कारण राखीव गाव कोणाच्या मर्जीने ठरत नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातल्या पंचायती अशाच तपासल्या (२००४). महिला प्रमुख असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली होती, आणि बायकांची मागणीही पाण्याचीच होती!

दुसरा दाखला आपल्या मुंबईचा. १९९७ साली महिलांसाठी राखीव असलेले महापालिकेचे काही वॉर्ड २००२ साली खुले झाले. रिखिल भावनानी यांना आढळलं, की तिथे बाई निवडून येण्याची शक्यता आधीपासून खुल्या असलेल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट होती. म्हणजे चिठ्ठी गेली, तरी सवय राहिली.

महाराष्ट्रात २०११ पासून हे आरक्षण ५० टक्के आहे. तेव्हा सुट्टीत गावी गेलात, तर पारावरचा शेरा ऐका, पण ग्रामपंचायतीचा खर्चही बघून या.