चुन्यात उमललेली फुले

काही वर्षांपूर्वी पांढुर्णा-सौसर भागातील विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, गेलो होतो. बीबी का मकबरा पाहताना एका मुलाने विचारले, "गुरुजी, पैसे संपले म्हणून संगमरवराऐवजी चुना लावला का?" आम्ही 'हो' म्हणून मोकळे झालो. त्या उत्तराची आज आम्हांस लाज वाटते.

औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ साली निवर्तली. तिची ही कबर. प्रवेशद्वारावर अताउल्ला व हंसपतराय या निर्मात्यांची नावे कोरलेली आहेत. एका जुन्या तवारीखीत खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा आहे. इमारतीचा खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी; मधला भाग काळ्या दगडाचा. त्या दगडावर घोटून गुळगुळीत केलेला गिलावा, आणि गिलाव्यातच उठविलेल्या नाजूक वेली व फुले.

यात काटकसर असेलही. परंतु ही कला दारिद्र्याची खचित नव्हे. नवव्या शतकात इराकमधील समर्रा येथील राजवाडे आणि चौदाव्या शतकात स्पेनमधील अलहंब्रा याच कलेने नटले. दक्षिणेत गुलबर्ग्यास, १४२२ मध्ये वारलेल्या फिरोजशहा बहमनीच्या कबरीचा अंतर्भागही तिनेच सजला आहे. फारसीत अशा गिलाव्यास 'गच' म्हणतात. आपली 'गच्ची' त्याच घराण्यातली.

विरवलेला चुना वाळूसह घाणीत मळायचा, थरावर थर द्यायचा आणि वरचा थर ओलसर आहे तोवरच नक्षी कोरायची. पुढे तोच चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. तरी त्यातून भिंतीची ओल बाहेर पडत राहते. सिमेंट मात्र ती आत कोंडते.

हे आम्ही फार उशिरा शिकलो. सहलीहून परतल्यावर वडिलोपार्जित घराचा चुना खरवडून आम्ही सिमेंट लावून घेतले. ओसरीच्या कमानीवर आजोबांच्या वेळचे चुन्याचे कमळ होते, तेही गेले. तीन पावसाळ्यांत भिंतीला खार फुटला. कमळ पुन्हा घडविणारा गवंडी शोधूनही सापडला नाही.

वाचकहो, आपल्या घरी असे एखादे कमळ शिल्लक असेल, तर गवंड्याला हाक मारण्यापूर्वी ते एकदा मुलांना दाखवा.