हंटरवाली (चित्रपट)

हंटरवाली हा इ.स. १९३५ मध्ये मुंबईत निर्माण झालेला हिंदी बोलपट आहे. वाडिया मूव्हीटोन या संस्थेने त्याची निर्मिती केली असून होमी वाडिया हे त्याचे दिग्दर्शक होते. नादिया या अभिनेत्रीची प्रमुख नायिका म्हणून ही पहिलीच भूमिका होय. कथेपेक्षा शारीरिक साहसावर भर देणाऱ्या भारतीय 'स्टंटपटां'मध्ये या चित्रपटाला महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी

घोडदौड, तलवारबाजी, उंचावरून उड्या आणि हातघाईच्या मारामाऱ्या यांवर आधारलेला स्टंटपट मूकपटांच्या काळातच लोकप्रिय झाला होता. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल हे या प्रकारातील आघाडीचे नायक होते. 'आलम आरा' (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायकही तेच. ललिता पवार यांनीही 'दिलेर जिगर' (१९३१) या साहसी मूकपटात नायिकेची भूमिका केली होती. बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाच्या गरजेमुळे पात्रांच्या हालचालींवर मर्यादा आल्या आणि संवाद व गाणी यांना प्राधान्य मिळाले. अशा काळात जमशेद (जे. बी. एच.) आणि होमी या वाडिया बंधूंनी स्टंटपटाला नवे रूप दिले.

कथानक

दुष्ट वजीर राणामल राजाला कैदेत टाकतो. राजकन्या माधुरी मुखवटा धारण करून, हाती हंटर घेऊन 'हंटरवाली' या नावाने अन्यायाविरुद्ध उभी राहते. पुढे जसवंत या तरुणाच्या साथीने ती राणामलचा पाडाव करते. जसवंतची भूमिका बोमन श्रॉफ यांनी केली आहे. मुखवटाधारी रक्षकाची ही कल्पना 'झोरो'च्या अमेरिकी मूकपटाशी नाते सांगते. मात्र येथे तलवारबाज पुरुषाच्या जागी स्त्री आहे.

नादिया

नादिया यांचे मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. त्यांचा जन्म ८ जानेवारी १९०८ रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. त्या लहानपणीच मुंबईला आल्या. चित्रपटात येण्यापूर्वी त्यांनी नृत्य शिकून सर्कशीत काम केले होते. घोडेस्वारीही त्यांना अवगत होती. या तयारीमुळे साहसदृश्ये स्वतः करणे त्यांना शक्य झाले.

साहसदृश्यांचे आकर्षण

साध्या मारामारीच्या दृश्यात प्रहार लागल्याचा आभास पुरेसा असतो. तुकड्या-तुकड्यांनी केलेले संकलन आणि कलाकाराऐवजी उडी घेणारा 'डुप्लिकेट' यांमुळे तो साधता येतो. स्टंटपटाचे बळ याच्या उलट गोष्टीत असते. कॅमेरा दूर ठेवून आणि दृश्य मध्ये न तोडता संपूर्ण देह दाखवला, की ही कृती समोर दिसणाऱ्या व्यक्तीनेच केली आहे याची प्रेक्षकाला खात्री पटते. कथा काल्पनिक असली तरी उडी खरी असते. सर्कशीतील झुल्याचे किंवा डोंबाऱ्याच्या दोरीवरील खेळाचे आकर्षणही याच खात्रीवर उभे असते.

'ओंग-बाक' (२००३) हा थाई चित्रपट हेच तत्त्व पुढे नेतो. मुए थाई या युद्धकलेवर आधारलेल्या या चित्रपटात टोनी जा याने तारा किंवा संगणकीय करामती यांचा आधार न घेता साहसदृश्ये केली. काही उड्या व प्रहार वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा दाखवलेले आहेत. त्यामुळे प्रेक्षकाला त्यांचा खरेपणा जणू पडताळून पाहता येतो.

या खरेपणाची किंमत कलाकाराच्या शरीराला मोजावी लागते. साध्या वाटणाऱ्या दृश्यातही धोका असतो. १९४२ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी बसलेल्या जोरदार चपराकीमुळे ललिता पवार यांचा चेहरा अंशतः लुळा पडला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. त्यानंतर त्यांना नायिकेऐवजी चरित्र भूमिकांकडे वळावे लागले. नादिया यांचे नाव पोस्टरवर झळकले. परंतु घोड्यावरून कोसळणाऱ्या आणि मार खाणाऱ्या अनेक सहकलाकारांची नावे प्रेक्षकांपर्यंत क्वचितच पोहोचली.

प्रतिसाद आणि वारसा

हा चित्रपट विकत घेण्यास वितरक प्रारंभी कचरत होते. हंटर चालवणारी गोरी नायिका प्रेक्षक स्वीकारतील का, अशी त्यांना शंका होती. मुंबईत ग्रँट रोडवरील सुपर सिनेमात तो प्रदर्शित झाला आणि २५ आठवड्यांहून अधिक काळ चालला. यानंतर नादिया यांनी 'मिस फ्रंटियर मेल' (१९३६), 'डायमंड क्वीन' (१९४०) आणि 'हंटरवाली की बेटी' (१९४३) यांसारख्या चित्रपटांतून भूमिका केल्या.

वाडिया मूव्हीटोनच्या परळ येथील स्टुडिओत १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर ही संस्था सुरू केली. नादिया आणि होमी वाडिया यांचा विवाह १९६१ मध्ये झाला. ९ जानेवारी १९९६ रोजी मुंबईत नादिया यांचे निधन झाले. त्यापूर्वी १९९३ मध्ये रियाद विन्सी वाडिया यांनी 'फिअरलेस : द हंटरवाली स्टोरी' हा त्यांच्या जीवनावरील माहितीपट तयार केला होता.