ओढणें निराळें, पेलणें निराळें

आज आपल्यांतील अनेक घरांचे मुलगे, पुतणे व भाचे अमेरिकेंत संसार थाटून राहिले आहेत. तिकडून येणाऱ्या छायाचित्रांत एक वाहन वारंवार दृष्टीस पडतें. पुढें माणसांची बैठक व मागें उघडा हौदा, अशी ही 'पिकअप' गाडी. शेतकरी, सुतार, नोकरदार गृहस्थ, सर्वच ती बाळगतात. आणि सुटींत तिच्यामागें नौका किंवा चाकांवरचें घर जोडून सहकुटुंब निघण्याची तिकडे मोठी हौस आहे. "आमची गाडी ११,००० पौंड ओढते," हें वाक्य अशा वेळीं अभिमानानें उच्चारलें जातें. वाक्य खोटें नसतें. परंतु जिच्यांत आजी व नातवंडें बसावयाचीं, तिच्याविषयीं एवढें ज्ञान पुरेसें नाहीं.

आपल्याकडे बैलगाडी भरणारा गडी यांतील मर्म शाळेंत न जातां जाणतो. बैल पाठीवर जें कधींहि पेलणार नाहींत, तें चाकांवर घातलें म्हणजे सहज ओढतात. मात्र ओझें मागें अधिक झालें कीं गाडी उलाळ होते व जूं वर उचललें जातें. पुढें अधिक झालें कीं तेंच जूं बैलांच्या मानेवर बसतें. म्हणजे ओढावयाच्या ओझ्याचा कांहीं अंश मानेवर यावाच लागतो, आणि तो किती यावा हें ठरविण्यांत भरणाऱ्याचें कसब आहे. संस्कृतांत भार वाहणें व गाडी ओढणें या दोहोंसहि वह् हा एकच धातु चालतो. बैलास अनड्वान् म्हणतात तें अनस् म्हणजे गाडी वाहून नेणारा म्हणून. भाषेचें अशानें भागलें. मोटारीचें भागत नाहीं.

कारखानदार प्रत्येक पिकअपला एक कमाल वजन ठरवून देतो. गाडी, पेट्रोल, माणसें व सामान मिळून त्यापुढें जातां कामा नये. याचें इंग्रजी नांव जी. व्ही. डब्ल्यू. आर. त्यांतून भरलेल्या टाकीसह गाडीचें स्वतःचें वजन वजा केलें कीं उरतो तो 'पेलोड'. आपण त्यास भारशक्ति म्हणूं. गाडी व मागचा ट्रेलर मिळून जी मर्यादा, ती जी. सी. डब्ल्यू. आर. याशिवाय पुढच्या व मागच्या आंसांची मर्यादा वेगळीच. ओढण्याचा जो आंकडा जाहिरातींत ठळक छापतात, तो मुख्यतः गाडी व ट्रेलर यांच्या एकत्र मर्यादेवरून काढलेला असतो.

पूर्वीं हा आंकडा प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीनें काढी. २००८ सालीं जे-२८०७ या नांवाचें समाईक प्रमाण प्रसिद्ध झालें. ॲरिझोनांतील डेव्हिस डॅमच्या बाजूचा सुमारें साडेअकरा मैलांचा चढ, उन्हाळ्याची उष्णता व वातानुकूलन पूर्ण चालू, अशी ती कठीण परीक्षा आहे. पण तींत गाडींत माणसें दोनच धरलीं आहेत, प्रत्येकीं १५० पौंडांचीं. आपल्या एकत्र कुटुंबांत दोनच माणसें तर भाजी आणावयासहि जात नाहींत! 'हाफ-टन' हें वर्गनांवहि असेंच फसवें. एके काळीं अर्धा टन, म्हणजे अमेरिकन हिशेबानें १,००० पौंड, माल नेणारी ती हाफ-टन. आज त्या वर्गांतील गाड्या बहुधा याहून बरेंच अधिक पेलतात, नांव मात्र राहून गेलें आहे.

भारशक्तीचा खरा आंकडा चालकाच्या दाराजवळील चिठ्ठीवर असतो. माणसें व सामान मिळून अमुक पौंडांहून अधिक वजन कदापि नसावें, अशा अर्थाचें वाक्य तेथें छापलेलें असतें. सदोष टायरांमुळें झालेल्या अपघातांत दोनशेंहून अधिक माणसें दगावल्यावर अमेरिकन काँग्रेसनें २००० सालीं जो कायदा केला, त्यांतून ही चिठ्ठी सध्यांच्या रूपास आली. हा आंकडा त्या एका गाडीचाच असतो. एकाच नांवाच्या दोन गाड्यांत कित्येक शें पौंडांचें अंतर पडतें, कारण कांचेचें छत, विजेवर सरकणाऱ्या बैठका वगैरे सारा थाट भारशक्तींतूनच वजा होतो.

आतां हिशेब मांडूं. चिठ्ठीवर १,५०० पौंड, म्हणजे सुमारें ६८० किलो, आहेत असें समजा. मागचें घर सामानसुमानासह ७,२०० पौंडांचें आहे. ११,००० च्या मानानें हें कांहींच नव्हे! परंतु अशा ट्रेलरच्या दांडीचा भार, म्हणजे आपल्या जुंवावरचा भार, एकंदर वजनाच्या शेंकडा १० ते १५ असावा लागतो. अष्टमांश धरला तर ९०० पौंड झाले. भार वांटून देणाऱ्या जोडाचें लोखंड १०० पौंड. उरले ५००. मुलगा १८०, सून १४०, दोन नातवंडें मिळून १४०, आजी १२०. हे ५८० झाले. हौद्यांतील सामान १२०. एकूण १,७००. ओढण्याची शक्ति हजारों पौंड शिल्लक दिसते, आणि गाडी २०० पौंडांनीं अतिभारित झालेली असते.

हें केवळ कागदी उल्लंघन नव्हे. दांडीचा भार मागच्या आंसाच्याहि मागें पडतो, म्हणून तो तरफेसारखें काम करतो. दोन आंसांत १२ फूट व मागच्या आंसापासून जोडापर्यंत ४ फूट अंतर असेल, तर ९०० पौंडांच्या भारानें पुढचा आंस ३०० पौंडांनीं हलका होतो व मागच्यावर १,२०० पौंड चढतात. दिशा वळविणारीं व थांबवण्याचें मोठें काम करणारीं तीं पुढचींच चाकें! वर सांगितलेला जोड यांतील कांहीं भार पुढें व ट्रेलरच्या आंसांवर परत ढकलतो, पण चिठ्ठीवरील आंकडा त्यानें वाढत नाहीं. मागाहून जाड पाटे किंवा हवेच्या पिशव्या बसविल्या तरी गाडीची शेंपटी तेवढी वर दिसते. आंस, ब्रेक व चाकें पूर्वींचींच राहतात.

कोणी चतुर गृहस्थ ट्रेलरमधील जड सामान मागें सरकवून दांडी हलकी करूं पाहतात. यासारखें अविचाराचें दुसरें कृत्य नाहीं. दांडीवर भार कमी पडला कीं उलाळ झालेला ट्रेलर वेगांत डावी-उजवी झोंके घेऊं लागतो, आणि ते झोंके वाढत जाऊन गाडीसहि आडवी करतात. विक्रेता ट्रेलरचें जें कोरें वजन सांगतो, त्यावरहि विसंबूं नये. नुसत्या पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली तरी सुमारें ३३० पौंड वाढतात. मग भांडीं, अंथरुणें व शिधा!

यास उपाय तीन. पाऊण टनी किंवा एक टनी वर्गांतील गाडी घ्यावी. हा सर्वांत महाग. किंवा सूनबाईंनीं आजी व मुलांस घेऊन दुसऱ्या मोटारींतून यावें. मग वरील १,७०० चे १,३०० होतात, पण सहलीची निम्मी गंमत जाते. आम्हांस तिसरा उपाय पसंत आहे. भरल्यावर ५,००० पौंडांचें होईल असें लहान घर घ्यावें. त्याच्या दांडीचा भार अष्टमांशानें ६२५, जोड १००, माणसें व सामान ७००. एकूण १,४२५, आणि सारीं एकाच गाडींत. निघण्यापूर्वीं मालमोटारींच्या थांब्यावरील कांट्यावर सर्व मंडळींसह गाडी उभी करावी. थोड्या डॉलरांत पुढचा आंस, मागचा आंस व ट्रेलर यांचीं वेगवेगळीं वजनें छापून मिळतात, तीं दाराजवळील आंकड्यांशीं ताडून पाहावीं.